खासबागेतली दुपार

अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्याला चक्कर झाली, पन्हाळा झाला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची एक बैठकही झाली, जिथे वाढणाऱ्याने बाबांच्या वाटीत "अजून घ्या की" म्हणत पांढरा रस्सा इतक्यांदा ओतला की शेवटी बाबांनी वाटीवर हात ठेवला. या सगळ्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातल्या एका दुपारबद्दल.

बाबा 1970 च्या सुमारास कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकले. शाहू महाराजांनी 1901 पासून बहुजनांच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यातल्याच एका ठिकाणी. घरी ते या दिवसांबद्दल फारसं बोलत नाहीत. आई गेल्यापासून तर ते एकूणच कमी बोलतात. खासबागेत जाऊ या, हे मात्र त्यांनीच सुचवलं.

मैदानाशेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. बाबा तिथे थांबून बराच वेळ बघत राहिले. इथे त्यांनी नाटकं पाहिली होती. मी काहीच बोलले नाही.

मैदानात तेव्हा कुस्ती नव्हती. मधे हौदा, म्हणजे कुस्तीची तांबडी माती भरलेला आखाडा, भोवती गोलाकार चढत गेलेली बसायची जागा आणि वर उघडं आभाळ. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, रोमचा आखाडा बघून आले आणि 1912 मध्ये कोल्हापूरला हे मैदान मिळालं. सावलीच्या बाजूला तीन आजोबा बसले होते. त्यातल्या एकाचे कान बघितल्यावर ते पैलवान आहेत हे सांगायची गरज नव्हती. मातीत घासून घासून त्यांच्या पाळ्यांचे घट्ट गोळे झाले होते.

"पाव्हणं, कुठलं?"

"नाशिकचा. पण शिकायला हितंच होतो. बोर्डिंगात."

बाबांच्या तोंडून "हितंच" ऐकून मी चमकले. नाशिकला ते असं कधीच बोलत नाहीत.

"मग कसलं पाव्हणं! बसा की हिकडं. पोरी, तूबी बस. कुठंबी बस, हौदा दिसतोयच."

ते खरंच होतं. सगळ्यात वर जाऊन बसले, खाली येऊन बसले, हौदा कुठूनही पूर्ण दिसत होता. आजकाल मोठमोठ्या सभागृहांत खांबाआडच्या खुर्चीचे पैसे भरून आपण मान तिरकी करत बसतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या या मैदानाची मला फार आठवण येणार आहे.

मग जे सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत संपलं नाही. श्रीपती खंचनाळे 1959 चे पहिले हिंदकेसरी (देशपातळीवरचा कुस्तीचा किताब), 1960 ला गणपत आंदळकर. आंदळकरांनी मोतीबाग तालमीत दादू चौगुलेंना घडवलं आणि चौगुले 1970, 1971 लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले. ही नावं हे लोक घरातल्या माणसांसारखी घेत होते. बाबा म्हणाले, "दादूची कुस्ती असली की बोर्डिंग रिकामं व्हायचं." पैलवान आजोबांनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. "म्हंजी तुमी बी हितंच बसलाया असणार तवा! मी त्या अंगाला असायचो, हलगीवाल्याच्या मागं."

हे दोघं त्या गर्दीत बहुधा एकाच वेळी ओरडले असतील. एवढ्यावरून बाबा जे खुलले, ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पैलवान आजोबांनी तालमीतला दिवस सांगितला. पहाटे उठून हौदा उकरायचा. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. मग जोर, बैठका, आणि वस्तादांनी जोड लावून दिली की लढत. त्यानंतर बदाम, खसखस घोटून थंडाई. "घरात दूध विकायला असायचं, आमाला प्यायला न्हाई. पण थोरल्या भावानं माझा खुराक कधी तोडला न्हाई. त्यो सोता चहावर राहायचा." हे सांगताना ते हौद्याकडे बघत होते. त्या भावाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं.

दुसरे आजोबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचं दुःख वेगळं होतं, ते म्हणजे प्रेक्षकांचं. निकाली कुस्ती, म्हणजे पाठ टेकेपर्यंतची लढत, ठरली की निकाल लागेपर्यंत कोणी हलत नसे. खेड्यातली माणसं भाकरी बांधून आणत आणि खडाखडी, म्हणजे सुरुवातीची हातांची झटापट, बघत उन्हात बसत. "आता पोरगं दोन मिनिटं बघतंय आणि मोबाईल काढतंय. पाठ टेकताना बघायला ह्याचं डोळंच न्हाईत जाग्यावर."

तिसरे निवृत्त शिक्षक. त्यांना हे पटेना. जुन्या मातीतल्या कुस्तीचं कौतुक म्हणजे गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या, कुस्तीला नावं ठेवणं असं त्यांना वाटलं. "गादीला नावं ठेवू नका. खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले, मातीतला माणूस गादीवर उतरला, सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक! आणि त्यासाठी राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, गुण असतात. मातीची मेहनत हवीच, पण पोरांना पुढं जायचं असेल तर गादी हवी."

"पुढचं वैयक्तिक पदक महाराष्ट्राला कवा? 72 वर्षांनी," ड्रायव्हर आजोबा म्हणाले. "स्वप्नील कुसाळे. आपल्या राधानगरीचा. पण ती नेमबाजी."

पैलवान आजोबा जोरजोरात मातीची बाजू घेत राहिले. मग घड्याळ बघून उठले. नातीला सरावाला सोडायचं होतं. कुस्तीच्या. गादीवरच्या. "तालमीत पोरीला पाऊल टाकू द्यायचं न्हाईत आमच्या वक्ताला. आता मी भाईर बसून तिची वाट बघतो. एका पायाला धरून एकेरी पट असा काढती... बघाय पायजे तुमी."

बाबांनी विचारलं, "आम्ही येऊ बघायला?"

परतीचं तिकीट पुढे ढकललं, त्यात पैसे गेले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नात खरंच छान खेळते. सराव संपेपर्यंत बाबा आणि पैलवान आजोबा भिंतीला टेकून बसले होते आणि प्रत्येक पकडीवर एकमेकांना कोपराने ढोसत होते.

एक तक्रार मात्र राहतेच. मला भेटलेल्या एकाही रिक्षावाल्याने, लॉजवाल्याने खासबागेचं नाव काढलं नाही. मंदिर, रंकाळा, चप्पल, गूळ, झालं कोल्हापूर. मैदानात हे सगळं कुठेतरी लिहून लावावं, कोण कुठे लढलं, कोणाच्या घरचं दूध कोणाच्या खुराकाला गेलं. सांगणारी माणसं आता पंच्याहत्तरीपुढची आहेत. कोणीतरी रेकॉर्डर घेऊन दुपारच्या वेळी तिथे जाऊन बसायला हवं, आणि ते याच वर्षी व्हायला हवं.