दम कमी असला तरी चालायला जाताना

दोन जिने चढल्यावर ज्यांना धाप लागते किंवा ज्यांचे गुडघे पूर्वीसारखी साथ देत नाहीत, त्यांनी गावाबाहेर चालायला जाऊच नये, असे मला मुळीच वाटत नाही. नाशिककरांना तर ही सोय घराजवळ आहे: गंगापूर धरणाच्या काठचे कच्चे रस्ते, पांडवलेणीच्या पायऱ्या, नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीलगतची सपाट वाट आणि थोडी उमेद असेल तर अंजनेरीचे पठार. मात्र अशा माणसाची सॅक गड चढणाऱ्या तरुणांपेक्षा निराळी भरावी लागते. किती लांब जायचे आहे यापेक्षा, मध्येच थांबावे लागले तर आपल्याला निवांत थांबता येईल का, हे पाहून मी ती भरतो.

पहिला मान पाण्याचा. सावकाश चालणाऱ्याला पाणी कमी लागते, हा समज अगदी चुकीचा आहे. जी वाट इतर लोक दोन तासांत संपवतात तिला आपल्याला तीन-साडेतीन तास लागतात, म्हणजे तेवढा वेळ आपण अधिक उन्हात असतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तर हा फरक अंगावर येतो. अर्ध्या दिवसासाठी मी दोन लिटर पाणी नेतो. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो भरते, त्यामुळे एका मोठ्या बाटलीऐवजी दोन बाटल्या सॅकच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या की भार एका खांद्यावर येत नाही. एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत घाम फार आला तर ओआरएस, अशी विभागणी सोयीची पडते. पण ओआरएसचे पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण विरघळवावे, अंदाजाने चिमूट-चिमूट टाकू नये. त्यात मीठ आणि साखर दोन्ही असतात, तेव्हा रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अर्धे पाणी संपण्याच्या आतच परत फिरावे, मग समोरचे टेकाड कितीही जवळ दिसो.

दुसरी वस्तू काठी, आणि तिच्याविषयी मी जरा आग्रहाने लिहितो. चढताना दम लागतो हे सर्वांना ठाऊक असते, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, कारण प्रत्येक पायरीवर सगळे वजन एकदम पुढच्या पायावर येते. काठी हातात धरून उभे राहिल्यावर कोपर साधारण काटकोनात असावे; उतारासाठी ती त्याहून थोडी लांब असली तर बरे. आधी काठी खालच्या पायरीवर टेकवायची, तिच्यावर थोडा भार द्यायचा आणि मगच पाऊल टाकायचे. पांडवलेणीहून परतताना हे करून पाहावे, फरक लगेच कळतो. खालच्या टोकाला रबरी बूच हवे, नाहीतर गुळगुळीत कातळावर काठीच आधी घसरते.

तिसरी वस्तू फारसे कोणी नेत नाही: एक जाडसर बस्कर. आपल्याला वरचेवर बसावे लागते, आणि आपल्याकडचा काळा दगड सकाळी दहा वाजल्यापासूनच तापू लागतो. जमिनीवर मांडी घालून बसले की उठताना गुडघे कुरकुरतात, म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीचा दगड शोधून त्यावर बस्कर टाकावे.

खाण्याचे फार नको. शेंगदाण्याचा लाडू, खजूर, एखादी दशमी आणि मोसमात द्राक्षे पुरेशी होतात. भरल्या पोटी चढ अंगावर येतो. मधुमेहाची औषधे चालू असतील तर ग्लुकोज किंवा साखर सॅकमध्ये नव्हे, खिशात हवी. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीकडे माकडे असतात, तेव्हा खाऊची पिशवी हातात न धरता आतच ठेवावी.

कपड्यांचे गणित दिशेवर ठरते. पश्चिमेला त्र्यंबककडे पावसाळ्यात मुसळधार पाऊस असतो, तेव्हा रेनकोट आणि मोज्यांचा कोरडा जोड लागतोच. ओल्या मोज्यांनी फोड येतात आणि फोड आलेला माणूस लंगडत सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर टाकतो. पूर्वेला निफाड तालुक्यात पाऊस कमी, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंडी कडाक्याची असते. नांदूरमधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले आणि हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला लोक भल्या सकाळी पोहोचतात. तिथे जाताना एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे घालावेत, म्हणजे ऊन वाढेल तसे एक काढता येते.

नेहमीच्या गोळ्यांचा एक जादा डोस आणि आपले नाव, आजार, औषधे व घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी वरच्या खिशात असावी. फोन पूर्ण चार्ज करावा, पण डोंगराच्या आडोशाला रेंज जाते, म्हणून कुठे जातो आणि केव्हा परतणार हे निघण्यापूर्वीच घरी सांगावे. छातीत दुखू लागले, घेरी आली किंवा दरदरून घाम फुटला तर तिथेच बसून सोबत्याला १०८ ला फोन करायला सांगावे. थोडे पुढे जाऊन बघू, असे अजिबात म्हणू नये.

एवढे भरून सॅक चार किलोंच्या वर जाऊ नये, असा माझा कटाक्ष असतो. आदल्या संध्याकाळी ती पाण्यासकट पाठीला लावून मी कॉलनीतच अर्धा तास फिरून येतो आणि पट्टे खांद्यात रुतू लागले तर आधी कॅमेरा काढून ठेवतो, मग जादा खाऊ. पाण्याला मात्र हात लावत नाही.