मुंबईच्या गाडीला हिटर

मुंबईत गाडीच्या हिटरची आठवण वर्षातून दोनदाच होते: पावसाळ्यात समोरच्या काचेवर वाफ धरते तेव्हा आणि जानेवारीत पहाटे घाट चढून नाशिकला जायचे असते तेव्हा. या जानेवारीत मुलुंडहून निघालो, तेव्हा भिवंडी बायपासच्या गर्दीत हिटर बऱ्यापैकी तापला. पण शहापूर सोडून गाडीने ऐंशीचा वेग धरला आणि झोत कोमट होत होत गार पडला. "अरे, तो पंखा बंद कर, गारठले मी," मागून आई म्हणाली, आणि त्याच वेळी इंजिन थंड असल्याचा निळा दिवा पुन्हा लागलेला मला दिसला.

हिटरला स्वतःची शेगडी नसते. इंजिनात तापलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. म्हणून हिटर बिघडला आहे की मुळात इंजिनच तापत नाही, हे आधी ठरवावे लागते. त्या दिव्याने ते जवळपास ठरवूनच टाकले होते.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटची पातळी पाहिली. ती ठीक होती. मग इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात लांब ठेवत, पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जाणारा वरचा होस पाइप चाचपत राहिलो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला या रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, शाबूत असेल तर हा पाइप काही मिनिटे थंडच राहतो आणि तो उघडला की एकदम चटका देतो. माझा पाइप पहिल्या दोन-तीन मिनिटांपासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला. हिटरचे दोन्ही पाइप मात्र सारखेच ऊबदार होते, म्हणजे आतला छोटा रेडिएटर चोंदलेला नव्हता. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा ओबीडी स्कॅनर लावून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर फेरी मारली, तर कूलंटचे तापमान जेमतेम ६४ अंशांवर घुटमळत होता आणि गाडी उभी केली की चढायचा.

थर्मोस्टॅट उघडा अडकला असणार, अशी माझी खात्री होती. दहा नंबरच्या पान्याने त्याच्या कप्प्याचे दोन बोल्ट काढले, तर आत थर्मोस्टॅट नव्हताच. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गाडी तापली होती, तेव्हा एका गॅरेजमध्ये "मुंबईत याची गरजच नसते" म्हणून तो काढून टाकला होता. बिलात त्याचा उल्लेख नव्हता. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. इंजिन थंड आहे असे समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, आणि गाडी मुळात कशाने तापली होती ते शोधायचे राहूनच जाते. आतले तांबूस पाणी पाहून कळले की कूलंटऐवजी नळाचे पाणी भरले होते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणला आणि बसवण्यापूर्वी जुन्या पातेल्यात पाणी तापवून तपासला. ऐंशीला तो गप्प होता. मग मधली चकती केसभर सरकली आणि नव्वदीच्या पुढे चांगली फट दिसू लागली. हे सारे त्यातल्या मेणाच्या फुगण्यावर चालते, वीज लागत नाही.

डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुऊन तयार कूलंट भरले. सांडलेले थेंब लगेच पुसले, कारण ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि आमच्या आवारात मांजरी आहेत. हवा निघावी म्हणून गाडी पार्किंगच्या उतारावर तोंड वर करून लावली, हिटर पूर्ण गरमवर ठेवला आणि रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत बुडबुडे येऊ दिले. टोपी थंड इंजिनावरच काढलेली होती. तापल्यावर ती उघडणे म्हणजे उकळते पाणी अंगावर घेणे.

दुसऱ्या दिवशी पातळी दोन बोटे उतरली होती, तेवढी भरली. पुढच्या फेरीला शहापूरपुढे ऐंशीच्या वेगात स्कॅनर ८९ दाखवत होता, आणि आईने हिटर कमी करायला सांगितले.