दीड मिलिमीटरची ॲलन की आणि अठरा दिवस

"नेक गेलीये. दुरुस्तीत पैसे घालू नका, नवीन गिटार घ्या." व्हॉट्सॲपवर चार फोटो बघून एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने मला हे सांगितलं. त्या बोलण्याचा माझा राग अजून गेलेला नाही. नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, गेली नव्हती, थोडी वाकली होती. आणि ब्रिजवरचे, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या भागावरचे, दोन स्क्रू गंजून धरले होते, एवढंच. हे लिहितोय ते किनाऱ्यावर राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांसाठी. असं उत्तर ऐकून कुणी चांगली गिटार माळ्यावर टाकून देऊ नये.

मी मालवणात राहतो, समुद्र घरापासून हाकेवर. पावसाळ्यात आमच्याकडे दारं फुगतात, बरणीतलं मीठ पाझरतं, मग लाकडाची नेक कशी सुटेल? आषाढ संपत आला तेव्हा बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे तार दाबताना बोटं दुखायला लागली आणि दाबलेला सूर चढा लागायला लागला. सतराव्या फ्रेटवर जाड ई तारेची उंची मोजली तर 3 मिमी भरली. माझी गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची आहे. अशा गिटारसाठी ती मूळ बनवणाऱ्या फेंडर कंपनीने दिलेलं माप साधारण 1.6 मिमी आहे, म्हणजे माझ्या तारा जवळपास दुप्पट वर होत्या. माप घेताना गिटार मांडीवर वाजवतो तशीच धरायची, आडवी टाकायची नाही, आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेली स्टीलची सहा इंची पट्टी पुरते.

नेकचं काम अर्ध्या तासात उरकलं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबली आणि आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांमधली फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, बघितली. गेज गॅरेजवाल्याकडून मागून आणलं होतं. फट 0.25 मिमीच्या आसपास हवी, माझी 0.6 होती. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) उजवीकडे पाव फेरा, तारा पुन्हा सुरात, पुन्हा माप. असं तीनदा केल्यावर नेक जागेवर आली. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका आणि रॉड घट्ट लागला तर तिथेच थांबा. दुकानदार ज्या नेकला "गेली" म्हणाला ती ही.

त्यानंतर ब्रिज, आणि तिथे अठरा दिवस गेले.

या ब्रिजवर सहा सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेचे छोटे टेकू, असतात. प्रत्येकाला दोन बारीक, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू, म्हणजे एकूण बारा. डावीकडे फिरवले की सॅडल खाली, उजवीकडे फिरवले की वर. माझे दहा फिरले. जाड ई आणि ए तारेच्या सॅडलचा एकेक हलेना. हेच दोन का, ते नंतर ध्यानात आलं. तारांचा आवाज दाबून वाजवताना उजव्या हाताचा तळवा नेमका तिथे टेकतो. खारी हवा तर सगळ्याच स्क्रूंना लागते, पण घाम याच दोघांना मिळाला होता.

माझ्याकडे मापाची ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) नव्हती म्हणून ऑनलाइन मागवली. कुडाळहून पुढे निघून माझ्या दारात यायला तिला आठ दिवस लागले. पाकिटावर माप छापलेलंच नव्हतं. ती 0.050 इंचाची निघाली, म्हणजे 1.27 मिमी, आणि माझ्या स्क्रूला 1.5 मिमीची हवी होती. ती थोडी सैल बसत होती. आठ दिवस वाट बघून जीव उतावीळ झालेला, मी तशीच फिरवली. दुसऱ्या झटक्याला ए तारेच्या स्क्रूची षटकोनी खाच गोल झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून आधी हे सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: एम3 (3 मिमी जाडीच्या) मापाच्या स्क्रूला 1.5 मिमीची की लागते आणि अमेरिकन 4-40 आट्यांच्या स्क्रूला 0.050 इंचाची. दोन्ही घरात ठेवा. की घातल्यावर जरा जरी डुलली तरी फिरवू नका.

दुसऱ्या दुकानात फोन केला. तिथे म्हणाले, गिटार पाठवून द्या, पंधरा दिवस लागतील, अख्खा ब्रिज बदलू. दोन स्क्रूंसाठी अख्खा ब्रिज! मी फोन ठेवला आणि शेजारच्या काकांकडे गेलो. ते ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करतात. गिटार त्यांनी आयुष्यात हातात घेतलेली नव्हती, पण स्क्रू बघताच म्हणाले, "जोर लावू नको. खाऱ्या वाऱ्यान धरलेलो स्क्रू जोरान सुटणा नाय, तुटता. आधी भिजत घाल, मगे तापव."

दोन्ही सॅडल ब्रिजवरून काढली. तार सोडायची, मागचा लांब स्क्रू स्टार स्क्रू ड्रायव्हरने काढायचा, सॅडल हातात येतं. त्या स्क्रूवर एक बारीक स्प्रिंग असते, ती उडते. वाटीवर धरूनच काढा. माझी कॉटखाली गेली होती. काढण्याआधी सॅडल कुठे होतं त्याचा पट्टी लावून फोटो घ्या. काम करताना पिकअपवर (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागावर) कापड टाका, नाहीतर गंजाचा चुरा चुंबकांना जाऊन चिकटतो. स्टील वूल तर पिकअपच्या जवळही नको.

सॅडल चार दिवस डिझेलात बुडवून ठेवली. पाचव्या दिवशी काकांच्या पडवीत ती व्हाइसमध्ये धरली, ओरखडे पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या रबरी चपलेचे तुकडे लावले. सोल्डरिंग आयर्नचं टोक ई तारेच्या स्क्रूच्या माथ्यावर दोन-तीन मिनिटं टेकवलं. आट्यांतून तपकिरी तेल उकळून वर आलं, बारीक धूर निघाला. मग नीट मापाची की घालून काकांनी आधी आवळायच्या दिशेने केसभर फिरवली. मी म्हणालो, "काका, उलट!" त्यांनी मान हलवली. "टक्" असा आवाज आला. मग सोडायच्या दिशेने फिरवली आणि स्क्रू सुतासारखा बाहेर आला.

गोल झालेल्या स्क्रूला की धरेना. त्यासाठी बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या मुलाकडून टी-6 टॉर्क्स बिट आणलं. चांदणीच्या आकाराचं हे टोक 1.5 मिमीच्या खाचेत हातोडीने हलकेच ठोकलं की कोपऱ्यांत रुतून बसतं. पुन्हा तापवलं, पुन्हा तीच केसभर आवळणी, आणि तोही सुटला. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी काकांच्या पाया पडलो.

जुने बाराही स्क्रू टाकून स्टेनलेस स्टीलचे एम3 बसवले, आट्यांना तेलाचा एकेक थेंब लावून. तेल फ्रेटबोर्डच्या लाकडावर जाऊ देऊ नका. त्यानंतर उंची लावायला वीस मिनिटं पुरली: जाड ई 1.8 मिमी, बारीक ई 1.5 आणि मधल्या तारा बोर्डच्या गोलाईप्रमाणे. मी तारा जोरात छेडतो, त्यामुळे 1.6 ला जाड ई खरखरत होती. माप हे सुरुवातीपुरतं, पुढे आपला हात सांगेल तसं. दोन स्क्रू सारखे फिरवा, सॅडल एका बाजूला कलू देऊ नका.

शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवले. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. अजून एक राहिलं: हे सगळं नव्या तारा चढवूनच करा. मी जुन्या तारांवर केलं आणि नव्या घातल्यावर ए आणि डी पुन्हा जुळवाव्या लागल्या.

आता वाजवून झालं की तळव्याखालची सॅडल कोरड्या फडक्याने पुसतो. नारळी पौर्णिमेला बाराही स्क्रू अर्धा फेरा मागे-पुढे करून परत जागेवर आणले, सगळे फिरले. त्या संध्याकाळी पंधराव्या फ्रेटवर तार पूर्ण सूरभर ओढली, बोट दुखलं नाही. गोल झालेला स्क्रू काकांनी त्यांच्या नट-बोल्टच्या डब्यात टाकलाय, मागितला तरी देत नाहीत.