चतुर्थीला मुलं घरी येतात तेव्हा

कुडाळजवळच्या आमच्या घरात वर्षभर आम्ही दोघंच असतो. चतुर्थीला मुलगा आणि सून डोंबिवलीहून येतात, लेक पुण्याहून. त्यांच्या येण्याची तयारी आमच्याकडे पावसाच्या सुरुवातीलाच होते, कारण पहिला प्रश्न तिकिटाचा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 25 तारखेच्या रात्रीच्या कोकणकन्येसाठी मुलगा 26 जूनला सकाळी 8 वाजता फोन घेऊन बसला आणि प्रतीक्षा यादीत गेला. पुढे गणपती स्पेशलमध्ये जागा मिळाली. लेकीने एसटीचं तिकीट काढलं. त्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन सातव्या दिवशी, 2 सप्टेंबरला होतं, त्यामुळे रजेचा हिशेबही मोठा होता.

रजा सगळ्यांना सारखी मिळत नाही. लेकीला दोन दिवस घरूनच काम करायचं होतं. फोनला रेंज कुठे येते, लाईट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो, हे तिने आधीच विचारून घेतलं. ह्यांनी मागच्या पडवीत टेबल मांडलं, तिथे रेंज बरी येते. तिचं काम चालू असताना तिला हाका मारायच्या नाहीत, हे शेजारच्या काकींनाही सांगून ठेवलं.

आता माझं खरं म्हणणं. मुलं यायच्या आत सगळं करून ठेवू नये. घर सारवून-पुसून, मोदक वळून, माटवी बांधून तयार ठेवली की मुलं पाहुण्यासारखी सोफ्यावर बसतात, मग फोन बघतात. म्हणून पिठी दळून आणणं, भांडी घासणं, गाद्यांना ऊन मिळेल तेव्हा दाखवणं एवढंच मी आधी उरकते. माटवी मुद्दाम राखून ठेवते.

गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही लाकडी चौकट. हरतालिकेच्या दिवशी सकाळी मुलगा ह्यांच्याबरोबर रानात गेला. कवंडळं, कांगणी, हरणं, तेरडा अशी रानातली फळं-फुलं आणि आंब्याचे टाळ असं सगळं पावसात भिजत घेऊन आले. सुपारीचे घोस आणि नारळ घरचेच. बांधायला किवणीची साल. ती ओली असतानाच गाठ मारायची, सुकली की घट्ट बसते. मुलगा नारळाला गाठ मारत होता आणि ती सुटत होती. ह्यांनी काही न बोलता त्याच्या हाताखाली हात धरला, साल दोनदा फिरवून टोक आतून काढलं. पुढचे सगळे नारळ त्यानेच बांधले. सून उपाशी होती, तरी खाली उभं राहून कुठे काय कमी दिसतं ते सांगत होती. ती देशावरची, तिच्या माहेरी माटवी नसते. तिने प्रत्येक फळाचं नाव विचारून घेतलं आणि ह्यांना सांगताना मोठा आनंद झाला.

मोदकांचंही तसंच. उकड मी काढते, मळायला लेक. पाऱ्या जाड झाल्या तरी मी पुन्हा करून घेत नाही. जाड पारीचा मोदकही तुपाबरोबर छानच लागतो.

जेवणाच्या वेळा मात्र मी सोडून दिल्या आहेत. रात्री भजन संपून काळ्या वाटाण्याची उसळ-पाव होईपर्यंत बारा वाजतात, मुलं त्यानंतरही गप्पा मारत बसतात. सकाळी नऊपर्यंत झोपू देते. आरतीला हजर असली की झालं. ह्यांना हे आधी पटत नव्हतं. पण वर्षभर लोकलच्या वेळा धरून धावणाऱ्या पोरांनी घरी तरी पोटभर झोपावं, असं मला मनापासून वाटतं.

जाताना तांदूळ, सोलं, नारळ बांधून दिले. किती न्यायचं ते त्यांनाच ठरवू दिलं, डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात जागा किती आहे ते सुनेला ठाऊक. तिने नारळ चारच घेतले आणि सोलं दुप्पट मागितली.