झणका टिकला! कोळंबी कॉकटेलच्या लो-कार्ब सॉसची पुढची नोंद

मंडळी, झणका रात्रभर टिकला. कोळंबी कॉकटेल म्हणजे उकडलेली गार कोळंबी आणि ती बुडवून खायला झणझणीत लाल सॉस; त्याच सॉसचा कमी कर्बोदकांचा (लो-कार्ब) प्रकार मी करून पाहतेय. काल संध्याकाळी केलेला सॉस आज दुपारी फ्रीजमधून काढला, कोळंबी बुडवून तोंडात टाकली आणि सणक थेट नाकात गेली. डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस याच सणकेमागे होते, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हे लिहायला बसले.

कोळंबीची बाजू आपल्यासाठी सोपी आहे, हे आधी बोलून झालंय. उकडलेल्या 100 ग्रॅम कोळंबीत 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि कार्ब नावापुरतं. सगळा घोळ वाटीतल्या लाल सॉसचा. अमेरिकन कॉकटेल सॉस म्हणजे केचप, हॉर्सरॅडिश (मोहरीच्या कुळातलं एक झणझणीत मूळ), लिंबू, थोडा वूस्टर सॉस (आंबट-खारट इंग्रजी सॉस). दोन टेबलस्पून केचपातच सुमारे 9 ग्रॅम कार्ब जातं, आणि दोन टेबलस्पूनवर कोण थांबतं?

केचपाचा प्रश्न मागच्या नोंदीत बराचसा सुटला होता. टोमॅटो अर्धे कापून ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवायचे आणि गाळून आटवायचे. अर्ध्या किलो टोमॅटोंचा दाट गोळा सहा जणांना पुरतो, माणशी कार्ब सुमारे 3 ग्रॅम. गोडीसाठी साखरेऐवजी आणलेलं एरिथ्रिटॉल मात्र आता माझ्याकडून कायमचं बाद. गरम सॉसमध्ये ते छान विरघळतं, पण फ्रीजमध्ये गार झालं की परत त्याचे कण धरतात, सॉस रवाळ लागतो, शिवाय जिभेला नको तो गारवा. केकमध्ये चालत असेल, पण हा पदार्थ गारच खायचा. स्टेव्हिया या दुसऱ्या साखरपर्यायाचा कडवटपणा टोमॅटोच्या आंबटपणात आणखी उठतो. म्हणून आता गोडी जी काय ती सुकवलेल्या टोमॅटोची, आणि मला ती पुरते.

खरा अडलेला प्रश्न होता हॉर्सरॅडिशचा. माझ्यासमोर नमुना आहे इंडियानापोलिसच्या सेंट एल्मो स्टेक हाउसचा. 1902 सालचं हॉटेल, आणि तिथलं कोळंबी कॉकटेल ओळखलं जातं ते हॉर्सरॅडिशच्या नाकात जाणाऱ्या झणक्यासाठी. आपल्याकडे ताजं मूळ सहज मिळत नाही. बाटलीतला हॉर्सरॅडिश सॉस मागवला, तर लेबलवर साखर, तेल, स्टार्च यांच्यानंतर मूळ, आणि तिखटपणा लहान मुलांनी खावा इतका. वासाबीची (झणझणीत जपानी चटणी) ट्यूब घेणार असाल तर तिचंही लेबल वाचा. स्वस्त ट्यूबमध्ये बहुतेक हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंगच असतो, वर सॉर्बिटॉल किंवा स्टार्च. मुळा किसून पाहिला. पाणी सुटतं, वास येतो, सणक येत नाही. शेवग्याच्या मुळाचा पर्याय काही जणांनी सुचवला होता. इंग्रज लोक इथे असताना ते हॉर्सरॅडिशच्या जागी वापरत, हे खरं. पण त्या मुळाच्या सालीत घातक द्रव्यं असतात. कृपया कोणी त्या वाटेला जाऊ नका.

उत्तर मिसळणाच्या डब्यात होतं. हॉर्सरॅडिशची सणक ज्या द्रव्याची, ॲलिल आयसोथायोसायनेट, तेच आपल्या मोहरीत तयार होतं. दाण्यात ते आयतं नसतं. दाण्यात असतं सिनिग्रिन हे मूळ द्रव्य आणि वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज हे एन्झाइम. दाणा फुटून पाणी लागलं की दोन्ही एकत्र येतात आणि झणका जन्माला येतो. आपल्याकडे लोणच्यासाठी किंवा काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी फेसतात, ती हीच क्रिया! दुकानातली पिवळी पाश्चात्त्य मोहरी इथे कामाची नाही. तिच्यातलं द्रव्य निराळं, ते जीभ भाजतं पण नाकात चढत नाही.

मग मोहरी घालूनही सॉस इतके दिवस मिळमिळीत का होत होता? टोमॅटो आंबट आहे म्हणून. आंबट लागलं की एन्झाइमचं काम मंदावतं, त्यामुळे मोहरीची पूड थेट टोमॅटोत गेली तर झणका उठतच नाही, नुसता कडवटपणा उरतो. गरम पाण्यात भिजवली तरी तेच, कारण उष्णतेने एन्झाइम मरतं. आणि नुसती पाण्यात फेसून ठेवली तर सणक जोरात येते आणि तासाभरात उडूनही जाते. म्हणजे आंबटपणा आधी नको आणि नंतर हवाच. तो झणका वाढू देत नाही, तसाच उडूही देत नाही. हे लक्षात आलं आणि क्रम जुळला.

एक टेबलस्पून मोहरी कोरडीच बारीक दळायची. चिमूटभर मीठ आणि फ्रीजमधलं गार पाणी घालून वाटीत जोरात फेसायची. झाकून दहा मिनिटं ठेवायची. झाकण काढून वास घ्या, डोकं मागे गेलं पाहिजे. त्याच क्षणी एक चमचा पांढरं व्हिनेगर. मगच पूर्ण गार झालेला टोमॅटोचा गोळा, वूस्टरचे दोन-चार थेंब आणि शेवटी लिंबू. लिंबू फक्त वासासाठी, थांबवायचं काम व्हिनेगरनं केलेलं असतं. किंचित कडवट लागलं तर रात्रभर मुरू द्या, बराच फरक पडतो.

आता कोळंबी. साफ केलेली गोठवलेली पाकिटं मी सोडली. बर्फाचा थर वितळला की वजन घटतं, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या फॉस्फेटमुळे पोत साबणासारखा बुळबुळीत. बाजारात कोळीण मावशींकडून डोक्यासकट घेते. डोकं-साल गेलं की जवळजवळ निम्मं वजन जातं, तरी चव पाहता तेच परवडतं. सध्या मिळते ती बहुतेक शेततळ्यातली व्हॅनामी जातीची, भारतात 2009 पासून आलेली. कॉकटेलला ती चालते, पण टायगर मिळाली तर सोडू नका. पाठीतला काळा दोरा काढून अर्ध्या किलोला एक चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा चोळून अर्धा तास फ्रीजमध्ये. हळद नको, रंग बिघडतो. मग गार पाण्यात घालूनच गॅस लावायचा, पाणी 75 अंशांवर आलं की लगेच काढून खारट बर्फाच्या पाण्यात. उकळी येऊ द्यायची नाही. दाताखाली कटकन तुटते, रबर होत नाही. या तुटण्यावर मी अतिशय खूश आहे.

यापुढे भाजलेल्या लाल सिमला मिरचीचा सॉस करणार होते. पण सालांबद्दल लिहिताना भलतंच सुचलं. कोळंबी शिजताना लाल होते ती ॲस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे, आणि ते तेलात विरघळतं. मग डोकी आणि सालं मंद आचेवर तेलात परतून, गाळून, त्याच केशरी तेलाचं मेयोनेज का करू नये? इंग्रजी पद्धतीच्या प्रॉन कॉकटेलमध्ये मेयो-केचपचा गुलाबी सॉस असतोच. इथे रंगही कोळंबीचा, चवही कोळंबीची, टोमॅटो शून्य, आणि वर फेसलेली मोहरी. कार्ब जवळजवळ संपलंच! सिमला मिरची मागे गेली, आधी हे.

अडचण तेलाची. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह मिक्सरमध्ये फिरवलं की मेयो कडू होतं, आणि मोहरी असताना आणखी कडवटपणा नको. रिफाइंड शेंगदाणा तेल घ्यायचं ठरवतेय. एका पिवळ्या बलकाला त्याचं किती तेल नीट बसतं, हे कोणी करून पाहिलं असेल तर रविवारच्या आत सांगा.