फळीवरचं जहाज: नोंद चौथी, डेव्हिएशन आणि दोन फसवे गोळे

जहाजातलं लोखंड होकायंत्राला कसं फसवतं आणि ती चूक कशी काढतात, हे मी टेबलावर करून बघतोय. मागच्या वेळी त्यासाठी होकायंत्र बसवलेली फिरती फळी तयार झाली होती. आता तिच्यावर 'जहाज' चढलं. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला चुंबकत्व भरलेली जुनी कानस, डाव्या अंगाला चुंबकाचा बारका तुकडा आणि होकायंत्राच्या खालून आडवी गेलेली लोखंडी सळई. म्हणजे होकायंत्र मुद्दाम बिघडवलं. लोखंड चढवायच्या आधीच फळीखालची अंशांची तबकडी चुंबकीय उत्तरेशी जुळवून ठेवली होती. तबकडी सांगते ते खरं चुंबकीय हेडिंग (चुंबकीय उत्तरेपासून मोजलेली नाळेची दिशा), आणि होकायंत्र त्यापासून जितकं ढळतं ते डेव्हिएशन. दिक्पात, म्हणजे व्हेरिएशन (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक), हा पृथ्वीचा मामला. तो यात मिसळायचा नाही. (पहिल्या नोंदीत मी मिसळला होता, त्यामुळे ती नोंद वाचू नका.)

फळी आठ दिशांना फिरवून मिळालेले अंश असे. सुई पूर्वेकडे ओढली गेली तर अधिक, पश्चिमेकडे तर उणे:

उत्तर −३, ईशान्य +७.५, पूर्व +१०, आग्नेय +७, दक्षिण +५, नैर्ऋत्य +०.५, पश्चिम −८, वायव्य −११.

या आकड्यांकडे मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. मग एकेक धागा सुटत गेला. डेव्हिएशनचे कारणांनुसार वेगळे भाग पाडतात आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं देतात. कानस जहाजाबरोबर फिरते, त्यामुळे तिची ओढ पूर्वेला एका बाजूला आणि पश्चिमेला बरोबर उलट. पूर्वेच्या आकड्यातून पश्चिमेचा वजा करून निम्मं केलं की बी गुणांक: +९. तसंच उत्तर-दक्षिणेवरून सी: −४, म्हणजे सुई डावीकडे खेचली जातेय. सळईची गोष्ट वेगळी. ती स्वतः चुंबक नाही. पृथ्वीच्या क्षेत्रामुळे तात्पुरती चुंबक बनते आणि फळी फिरली की तिचे ध्रुवही बदलतात. म्हणून तिचा दोष एका फेरीत दोनदा उलटसुलट होतो आणि चार उपदिशांना सगळ्यात जास्त दिसतो. तो डी: +३.

उरला ए, आठही आकड्यांची सरासरी: +१. याचं कारण सापडेना. फळीवर एक अंश सगळीकडे सारखा कोण खेचणार? शेवटी पट्टी लावून पाहिलं तर लबर लाइनच (होकायंत्रावरची नाळेची दिशा दाखवणारी रेघ) एक अंश तिरकी आखलेली! पेन्सिलची रेघ पुसली, नवी मारली, ए गायब. चुंबकाशी काही देणंघेणंच नव्हतं.

पुढचं काम सोपं वाटलं होतं. फळी पूर्वेला धरून लांबीच्या दिशेने चुंबक सरकवत बी काढला, उत्तरेला धरून आडव्या चुंबकाने सी. त्यांच्या उलट दिशांना, म्हणजे पश्चिमेला आणि दक्षिणेला, अर्धा-एक अंश उरला तो निम्मा करून सोडला. मग डीसाठी दोन्ही बाजूंना जुन्या बेअरिंगमधले चार सेंटिमीटरचे गोळे ठेवले. ईशान्येला सुई छान जागेवर आली. दुसऱ्या दिवशी गोळे पुसून परत ठेवले तर उत्तरेला तीन अंश चूक! गोळा जागच्या जागी फिरवला तशी सुई डोलायला लागली. बेअरिंगचं पोलाद कडक असतं, एकदा चुंबकत्व धरलं की सोडत नाही. मी दोन नवे चुंबकच बसवले होते. जहाजावर होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना असतात ते लोखंडी गोळेही असे फिरवूनच तपासतात, हे मी वाचलं होतं आणि सोयीस्करपणे विसरलो होतो.

यावर उपाय म्हणून सळ्या बांधायची मऊ लोखंडी तार घेऊन तिचेच गोळे गुंडाळले. गुंडाळताना ती पुन्हा थोडी कडक होते, म्हणून गोळे लाल तापवले आणि राखेत सावकाश निवू दिले. आता गोळा कसाही फिरवला तरी सुई हलत नाही. केंद्रापासून साडेसात सेंटिमीटरवर डी जवळजवळ शून्य. मात्र बी आणि सी पुन्हा किंचित सरकले, कारण दुरुस्तीचे चुंबक या मऊ लोखंडालाही चुंबकत्व देतात. गोळे आधी, चुंबक नंतर, हाच क्रम बरोबर. तो मी उलटा केला. सगळं काढून पुन्हा बसवलं. आता आठही दिशांना चूक एका अंशाच्या आत.

१८३८ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरींनी 'रेनबो' या लोखंडी जहाजावर चुंबक आणि मऊ लोखंड वापरून हेच केलं होतं. मला जास्त कौतुक भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनच्या होकायंत्रातल्या आखूड सुयांचं वाटतं. माझी सुई लांब आणि जोरकस आहे; गोळे फार जवळ नेले तर ती स्वतःच त्यांना चुंबकत्व देते. सुया आखूड आणि हलक्या असल्या की बेताच्या आकाराचे गोळेही पुरतात.

बीचं एक कोडं मात्र टेबलावर सुटत नाही. त्यात कानशीचं कायमचं चुंबकत्व असतं, तसा जहाजातल्या उभ्या मऊ लोखंडाचा वाटाही असू शकतो. दुसरा वाटा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उभ्या घटकाबरोबर बदलतो आणि चुंबकीय विषुववृत्त ओलांडलं की उलटतो. ब्रिटिश दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सना १८०१ ते १८०३ च्या ऑस्ट्रेलिया सफरीत हा बदल जाणवला. हा वाटा काढायला होकायंत्रापुढे मऊ लोखंडाची उभी कांब लावतात, तो फ्लिंडर्स बार त्यांच्याच नावाचा. एका जागी बसून दोन वाटे वेगळे करता येत नाहीत, आणि मला तर फळी घेऊन विषुववृत्तापार जाता येणार नाही. म्हणून तांब्याच्या तारेची दोन मोठी वेटोळी गुंडाळायला घेतली आहेत: एक फळीच्या वर, एक खाली. त्यांतून प्रवाह सोडून उभा घटक शून्यावर आणायचा, मग उलटा करायचा. आतापर्यंत एका वेटोळ्याचे चाळीस वेढे झालेत.