विक्रेत्याने शब्द फिरवला तर

साठेखत, म्हणजे जागा पुढे विकण्याचा करार, झाल्यानंतर जागेचा भाव वाढला की काही विक्रेते विसाराची, म्हणजे आगाऊ घेतलेली, रक्कम धनादेशाने परत करायला निघतात, आणि पैसे तरी सुटले म्हणून खरेदीदारही सुटकेचा निःश्वास टाकतो. दिवाणी वकिली करताना मी हे वारंवार पाहते आणि प्रत्येकाला कळकळीने सांगते की, जागा हवी असेल तर तो धनादेश वटवू नका. करार तुमच्या संमतीनेच मोडला, असा बचाव पुढे त्याच्याच आधारे घेतला जातो.

साठेखताने मालकी मिळत नाही हे खरे, परंतु विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ (ठरलेला करार प्रत्यक्ष पुरा करवून घेण्याचा कायदा) खाली खरेदीखत, म्हणजे मालकी देणारा दस्त, करून देण्याचा हुकूम मागता येतो. पूर्वी तो देणे न्यायालयाच्या मर्जीवर होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो विवेकाधिकार काढून घेतला. हुकमानंतरही विक्रेता सही करत नसेल, तर न्यायालय त्याच्या वतीने खरेदीखत करून देते.

खरी कसोटी याच कायद्याच्या कलम १६ ची आहे: आपण व्यवहार पुरा करायला सदैव तयार होतो, हे खरेदीदाराने सिद्ध केले पाहिजे. माझ्या एका पक्षकाराने कर्जमंजुरीचे पत्र, बँकेचे खातेउतारे, ठरलेल्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावणारी नोटीस आणि तिची पोस्टाची पोचपावती, असे सारे तारीखवार लावून आणले होते. उलटतपासणीत त्याला हलवणे समोरच्या वकिलांना जमले नाही.

दाव्याची मुदत करारातील तारखेपासून, आणि तारीख नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांची असते. मात्र तेवढे थांबण्यात शहाणपण नाही, कारण दरम्यान कराराची माहिती नसलेल्या प्रामाणिक माणसाने पूर्ण मोबदला देऊन जागा घेतली, तर त्याच्याविरुद्ध हुकूम मिळत नाही. म्हणून दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करावा. मुंबईतील मिळकत असल्यास १९३९ च्या प्रांतिक दुरुस्तीनुसार प्रलंबित दाव्याची नोटीस, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची जाहीर सूचना, हीसुद्धा नोंदवावी.

विसार परत मिळावा, ही पर्यायी मागणी वादपत्रात (दाव्याच्या लेखी अर्जात) स्पष्ट लिहावी लागते. ती नसेल तर न्यायालय आपणहून रक्कम देववत नाही. राहून गेली असल्यास दावा चालू असताना वादपत्रात दुरुस्ती करून ती घालता येते.